बलूनवर ट्रान्सपाँडर लावावा की नुसता ट्रॅकर? (सोलापूरहून उड्डाण)

होटगी_रोड
नमस्कार मंडळी,
आमच्याकडची अभियांत्रिकीची काही पोरं यंदा हिवाळ्यात लॅटेक्सचा बलून सोडायचा म्हणतायत. सोलापूरच्या आसपासचं मोकळं रान, तीसेक किलोमीटर उंची, मग बलून फुटणार आणि पॅराशूटनं डबा खाली येणार. मी आणि अजून दोघे परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, त्यांच्या मदतीला आहोत.

वाद असा की पोरांना फक्त जीपीएस ट्रॅकर आणि कॅमेरा हवाय. वरून गोल पृथ्वीचा फोटो, एक रील, झालं. माझं म्हणणं, रेडिओ एवढ्या उंचीवर नेताय तर त्यानं नुसतं 'मी इथं आहे' एवढंच का ओरडायचं? ट्रान्सपाँडर लावू. एका बँडवर खालचं ऐकायचं आणि तेच दुसऱ्या बँडवर परत खाली पाठवायचं. तीस किलोमीटरवरून क्षितिज सहाशे किलोमीटरच्या पुढे जातं. मुंबई, पुणे, पणजी, हैदराबाद, नागपूर, बंगळूर, सगळी एका वर्तुळात. तास-दोन तास का होईना, सोलापूरचा माणूस हातातल्या हँडीवरून (वॉकीटॉकीसारखा छोटा रेडिओ) नागपूरशी बोलेल.

कुणी यात हात घातलाय का? एफएम रिपीटर टाकावा (एकच चॅनेल, एकेकानं बोलायचं) की लिनिअर ट्रान्सपाँडर (अख्खी पट्टी उचलून परत पाठवणारा)? आणि परवानग्यांचं काय?

कडक_भाकरी
मी पयला! डब्यात शेंगा चटणी पण पाठवा ओ. मायनस ऐंशीत टिकली तर निर्यातीचा प्रश्न मिटला.

शंकासुर
खिशात मोबाईल असताना सोलापूरहून नागपूरला बोलायला बलून सोडायचा? पैसे जास्त झालेत का बे?

जुनी_रिग
शंकासुर, मोबाईल असताना लोक गडावर चालत का जातात, हे आधी सांगा. असो.

होटगी_रोड, तुमचा विचार नवा नाही आणि वेडा तर अजिबात नाही. जर्मनीतल्या हॅम लोकांनी आर्टोब नावानं बलूनवर ट्रान्सपाँडर उडवले होते. उपग्रह मिळणं दुरापास्त होतं तेव्हा तंत्र तपासायला बलून हाच स्वस्त मार्ग होता. पहिला हौशी उपग्रह ऑस्कर-१ डिसेंबर १९६१ मध्ये गेला, पण तो नुसता मोर्समध्ये 'हाय' म्हणायचा. म्हणजे तुमच्या पोरांच्या ट्रॅकरचा आजोबाच. ट्रान्सपाँडर आले तेव्हा या छंदाला खरी रंगत आली. १९७४ चा एओ-७ उपग्रह घ्या. १९८१ ला बॅटरी गेली, सगळ्यांनी सोडून दिला, आणि २००२ मध्ये हा पठ्ठ्या नुसत्या सौर पॅनेलवर पुन्हा बोलायला लागला.

आपल्याकडचं उदाहरण हॅमसॅट, म्हणजे व्हीओ-५२. ५ मे २००५ ला कार्टोसॅट-१ सोबत पीएसएलव्ही-सी६ मधून गेला. त्यावर दोन लिनिअर ट्रान्सपाँडर होते, एक भारतात बनवलेला आणि दुसरा एका डच विद्यार्थ्यानं, तोही हॅमच. विद्यार्थ्यानं! हे तुमच्या पोरांना जरूर सांगा. जुलै २०१४ पर्यंत तो चालला. मी स्वतः त्यावरून खूप बोललोय, गच्चीवर हातात यागी अँटेना धरून.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तुमच्या पोस्टमध्ये एक विसंगती आहे. लिनिअर विचारताय आणि हँडीवरून बोलायचं म्हणताय. बाजारातल्या हँड्या सगळ्या एफएम. लिनिअरवर एसएसबी (थोड्या जागेत आवाज पाठवायची पद्धत) किंवा मोर्स लागतं, म्हणजे व्हीएचएफ-यूएचएफचा ऑल-मोड रिग (सगळ्या पद्धती चालवणारा मोठा सेट). आपल्या जिल्ह्यात असे किती निघतील?

बार्शी_लाईन
+१. एफएमच टाका. ज्याच्याकडे स्वस्तातली हँडी आहे तोही येऊ शकेल. नवी पोरं परवाना काढून बसलीत, त्यांना ऐकायला काही नाही, बोलायला कुणी नाही. त्यांच्यासाठी करा.

निळा_यागी
बार्शी_लाईन, तत्त्वतः बरोबर, पण जमिनीवरच्या रिपीटरचा अनुभव बलूनला लावू नका. डोंगरावरचा रिपीटर पन्नास-शंभर किलोमीटरची माणसं ऐकतो. हा सहाशे किलोमीटरच्या वर्तुळातली सगळी ऐकणार आणि चॅनेल एकच. लग्नात एकच माईक आणि दोन्हीकडचे सगळे मामा भाषणाला उभे, असा प्रकार होईल. एफएममध्ये जो जोरात येतो तोच निघतो, बाकीचे दाबले जातात. त्यात कुणी नुसतं बटण दाबून धरलं की दहा मिनिटं गेली. आणि तुमच्या हातात सगळी मिळून दोन सव्वादोन तासच आहेत: सेकंदाला पाच मीटरनं चढला तर तीस किलोमीटरला शंभर मिनिटं, पुढे पॅराशूटवर पाऊण तासाच्या आत खाली.

लिनिअरमध्ये वीस किलोहर्ट्झची पट्टी जशीच्या तशी उचलून दुसऱ्या बँडवर ठेवली जाते. एसएसबीच्या एका आवाजाला अडीच-तीन किलोहर्ट्झ लागतात. म्हणजे सहा-सात गप्पा एका वेळी, एकमेकांना त्रास न देता. अट एकच, कुणी शंभर वॉट घेऊन घुसायचं नाही. वरची ताकद सगळ्यांत वाटली जाते. एक दांडगा आला की एजीसी (जोर आपोआप कमी-जास्त करणारी सोय) सगळ्यांनाच खाली ओढतो.

पाहुणा_पुणेकर
क्यूओ-१०० हा हौशी रेडिओचा उपग्रह आहे की. २५.९ अंश पूर्वेला भूस्थिर, आपल्याकडून पश्चिमेला आरामात दिसतो, चोवीस तास चालू, लिनिअर ट्रान्सपाँडर. दोन तासांच्या बलूनसाठी एवढा खटाटोप कशाला?

निळा_यागी
पुणेकर, त्याला वर जायला २.४ गिगाहर्ट्झ, खाली ऐकायला १० गिगाहर्ट्झ, डिश, एलएनबी आणि स्थिर ऑसिलेटर. ऐकणं स्वस्त आहे, बोलणं नाही. शिवाय तो दुसऱ्यांनी बनवलाय. इथं पोरं स्वतः सोल्डरिंग करणार, हा फरक आहे.

आणि खालच्या कक्षेतल्या उपग्रहापेक्षा बलून एका बाबतीत सुखाचा. डॉप्लर, म्हणजे वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकणं, जवळपास नाही. उपग्रहावर ४३५ मेगाहर्ट्झला दहा किलोहर्ट्झपर्यंत इकडचं तिकडं होतं, एका हातानं नॉब फिरवत बोलावं लागतं. बलून बापडा वाऱ्याच्या वेगानं जातो. नवशिक्यांना यासारखी शाळा नाही.

कडक_भाकरी
पुणेकर आले आणि 'कशाला' विचारलं नाही असं झालंय का कधी? :फिदी:

पाहुणा_पुणेकर
मुद्द्याला उत्तर मिळालं, त्यामुळे टोमणा माफ.

तुरीचं_शेत
जरा अवांतर. आमचं गाव अक्कलकोटच्या बाजूला. हैदराबादला टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) बलून केंद्र आहे, तिथून मोठ्ठे प्लॅस्टिकचे बलून सोडतात, पन्नास ते पंच्याऐंशी मीटर व्यासाचे, हायड्रोजन भरलेले. त्याच्या आधी पेपरात निवेदन येतं आणि त्यात सोलापूर जिल्ह्याचं नाव असतं. यंत्रं पॅराशूटनं खाली येतात, हात लावू नका, उघडू नका, पोलिसांना किंवा पोस्टात कळवा, बक्षीस मिळेल. आमच्या आज्ज्यानं असाच एक प्लॅस्टिकचा ढीग रानात बघितला होता. कुणाचा होता देव जाणे. पंचनामा व्हायच्या आत अर्ध्या गावाच्या कडब्याच्या गंजीवर पांढरं प्लॅस्टिक चढलं होतं.

सांगायचा मुद्दा, तुमच्या डब्यावर मराठी, कन्नड आणि तेलुगूत ठळक लिहा: यात धोकादायक काही नाही, या नंबरवर फोन करा. नाहीतर कॅमेऱ्याची आशा सोडा.

होटगी_रोड
@तुरीचं_शेत, हे एक नंबर. तीन भाषांचं आमच्या डोक्यातच नव्हतं.

@निळा_यागी, कुठल्या बँडवर वर जायचं आणि कुठल्यावर खाली यायचं? पोरं म्हणतात १४५ मेगाहर्ट्झवर ऐकू, ४३५ वर पाठवू.

निळा_यागी
इथं गंमत आहे. १४५ ची तिप्पट ४३५. कुठल्याही ट्रान्समीटरचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सीवरचा नको असलेला सिग्नल, तिथंच पडतो.

पोरं म्हणतात तसं केलं तर बलून खूश. पण जमिनीवरचा माणूस १४५ वर बोलत असतो आणि त्याच वेळी ४३५ वर स्वतःचा आवाज ऐकायचा प्रयत्न करतो. त्याचाच हार्मोनिक त्याच्या कानात बसतो. लिनिअरवर स्वतःला ऐकत बोलणं आवश्यक, त्यामुळे सगळेच बहिरे.

उलटं करा, ४३५ वर जा आणि १४५ वर या. हॅमसॅटचंही असंच होतं. मग फिल्टरची जबाबदारी एकट्या बलूनवर येते. तिथं ताकद मिलिवॉटमध्ये, एक बरा लो-पास फिल्टर आणि रिसीव्हरपुढे एक बँड-पास लावला की निभतं. शिवाय साध्या अँटेनांवर १४५ चा पाथ लॉस (वाटेत होणारी सिग्नलची घट) ४३५ पेक्षा साडेनऊ डीबीनं कमी. पाचशे किलोमीटरवर तो साधारण १३० डीबी येतो. बलूननं १०० मिलिवॉट सोडले, म्हणजे २० डीबीएम, तर खाली उणे ११० डीबीएमच्या आसपास मिळतात. एसएसबीच्या रुंदीत चांगल्या रिसीव्हरचा नॉइज त्याच्या वीस-पंचवीस डीबी खाली असतो. सहा जणांत वाटूनही ऐकू येईल. एक वॉट वर पाठवायची हौस करू नका, बॅटरी आणि उष्णता दोन्ही अंगावर येतील.

शंकासुर
उष्णता? वर मायनस ऐंशी म्हणालात ना?

जुनी_रिग
चांगला प्रश्न. आपल्या अक्षांशावर सोळा-सतरा किलोमीटरला उणे पंच्याहत्तर-ऐंशी असतं, तो सगळ्यात थंड थर. त्याच्या वर पुन्हा हळूहळू गरम होत जातं. पण तीस किलोमीटरवर हवा उरते जमिनीवरच्या एक टक्क्याच्या आसपास. हवाच नाही तर पार्टाची उष्णता नेणार कोण? जमिनीवर पंख्याशिवाय मस्त चालणारा पॉवर ट्रान्झिस्टर तिथं थर्मोकोलच्या डब्यात शिजतो आणि शेजारची बॅटरी गारठते. म्हणून ट्रान्झिस्टर धातूच्या पट्टीवर बसवून ती पट्टी बॅटरीशेजारून न्यायची. दोघांचंही भलं होतं. बॅटरी साधी अल्कलाइन नको, रिचार्जेबलही नको. एकदाच वापरायच्या लिथियमच्या सेल घ्या.

आणि जीपीएस. कित्येक मॉड्यूल अठरा किलोमीटरच्या वर गप्प बसतात, ती निर्यात-नियंत्रणाची जुनी मर्यादा आहे. मॉड्यूल एअरबोर्न मोडमध्ये टाकता येतं का ते खरेदीआधी बघा. गच्चीवर टेस्ट करून हे कळत नाही.

नान्नजचा_माळढोक
सगळे वर बघतायत, मी खालचं विचारतो. विमानतळाचं काय? विमानांच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली, जून २०२५ पासून होटगी रोडवरून विमानं सुरू झाली. धागा काढणाऱ्याचं नावच होटगी_रोड आहे म्हणून काळजी वाटली. :)

होटगी_रोड
घर होटगी रोडला आहे, बलून तिथून सोडणार नाही ओ. शहरापासून लांबच जाऊ. पण कागदपत्रांची यादी कुणी सांगेल का?

जुनी_रिग
यादी म्हणून नाही, क्रम म्हणून सांगतो. आधी विमानतळाच्या एटीसीकडे (हवाई वाहतूक नियंत्रण) आणि डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) लेखी: जागा, दिनांक, वेळ, डब्याचं वजन, चढण्याचा वेग, अंदाजे मार्ग. नोटॅम (वैमानिकांसाठीची सूचना) निघाल्याशिवाय सिलिंडरची चावी फिरवायची नाही. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत चार किलोखालचा डबा 'हलका' धरतात, म्हणून दोन किलोत राहिलात तर उत्तम. पण हलका म्हणजे परवानगी नको असं कुणी समजू नये. मग जिल्हाधिकारी आणि पोलीस. एका जिल्ह्याचे धरून चालणार नाही, कारण डबा कर्नाटकात उतरू शकतो.

रेडिओसाठी दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी, म्हणजे फ्रिक्वेन्सी आणि परवाने बघणारी शाखा. तुमचा हॅम परवाना तुमच्या पत्त्यावरच्या स्टेशनचा आहे, उडणाऱ्या ट्रान्सपाँडरसाठी त्यांना वेगळं विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. आपले बँड १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८, त्याच्या बाहेर एक किलोहर्ट्झ नाही. आणि ज्यांच्याकडे परवाना नाही त्या पोरांनी माईक हातात घ्यायचा नाही. सरळ संचार पोर्टलवर अर्ज करा, परीक्षा द्या. वयाची अट बारा वर्षं आहे, अभियांत्रिकीवाल्यांनी लाजायला नको. व्हीयू३, म्हणजे सुरुवातीच्या परवान्यासाठी, मोर्सही लागत नाही.

कडक_भाकरी
नायतर अमेरिकेवाणी व्हायचं. पोरांचा बलून आणि मागं लढाऊ विमान!

बार्शी_लाईन
तो किस्सा खरंच झालाय बहुतेक. फेब्रुवारी २०२३, चिनी बलूनचा गोंधळ चालू होता तेव्हा. इलिनॉयमधल्या एका हौशी गटाचा पिको बलून पृथ्वीभोवती फिरत होता. फॉइलचा छोटासा, खाली काही ग्रॅमचा ट्रॅकर. अलास्काजवळ शेवटचा सिग्नल आला आणि गायब. पुढच्याच दिवशी कॅनडाच्या युकॉनवर एफ-२२ नं एक 'अज्ञात वस्तू' क्षेपणास्त्रानं पाडली. तीच होती हे अधिकृतपणे सिद्ध झालं नाही, पण वेळ आणि जागा बघा. लाखो डॉलरचं क्षेपणास्त्र, समोर वाढदिवसाच्या फुग्याचा चुलतभाऊ.

पाहुणा_पुणेकर
मग पिकोच करा ना. बारा-तेरा किलोमीटरवर तरंगत राहतो, फुटत नाही, डब्ल्यूएसपीआरवर (अगदी क्षीण सिग्नलची डिजिटल पद्धत) काही मिलिवॉटमध्ये हजारो किलोमीटर ऐकू येतो. स्वस्त, आणि महिनोन्महिने चालू शकतो.

निळा_यागी
छान प्रकार आहे, पण तो पुन्हा 'मी इथं आहे' वालाच. काही ग्रॅममध्ये ट्रान्सपाँडर बसत नाही.

वायएल_सोलापूर
मी या सगळ्यात नवी, व्हीयू३ आहे, गेल्या वर्षीच परवाना मिळाला. दोन गोष्टी.

पहिली: पूर आला की हे कामाला येईल का? सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या गावाशी बराच वेळ संपर्क नव्हता. २००४ च्या त्सुनामीत अंदमानात हॅम लोकांनीच संपर्क ठेवला होता असं वाचलंय.

दुसरी: माझ्याकडे एफएमची हँडी आणि एक आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावून नुसतं ऐकायचा रिसीव्हर) आहे. लिनिअर केलात तर मी काय करू?

जुनी_रिग
@वायएल_सोलापूर, अंदमानचं खरं आहे. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या हॅम संस्थेची मोहीम योगायोगानं पोर्ट ब्लेअरला होती, आणि लाटांनंतर त्यांचं स्टेशन हाच बाहेरच्या जगाशी दुवा उरला. पण ते एचएफ (लांब पल्ल्याचं शॉर्टवेव्ह) होतं, जमिनीवर ठाम उभं. बलून पुरात कामाला येईल असं कुणाला सांगू नका. दोन तासांत उतरतो, वारा नेईल तिकडे जातो, आणि पुराच्या ढगाळ वादळी हवेत तो सोडणार तरी कसा? निधी मागताना लोक 'आपत्ती व्यवस्थापन' लिहितात, मला ते पटत नाही. शिकण्यासाठी करतोय म्हणा, पुरेसं आहे.

बार्शी_लाईन
याच्याशी असहमत. बलून पुरात जाणार नाही, मान्य. पण बलूनमुळे ज्यांना नेट (एकानं सूत्रं धरून पाळीपाळीनं बोलायची रेडिओ-बैठक) चालवायची, कमी शब्दांत निरोप द्यायची, ऐकून मग बोलायची सवय लागेल, ती माणसं पुरात जातील की. २००४ मध्ये यंत्राइतकीच माणसंही तयार होती.

जुनी_रिग
एवढं मान्य. तरी अर्जात लिहू नका.

निळा_यागी
@वायएल_सोलापूर, डोंगल आहे तर तुम्ही आमच्याहून श्रीमंत. पूर्ण वीस किलोहर्ट्झ वॉटरफॉलवर (पट्टीतले सगळे सिग्नल दाखवणारं चित्र) एका नजरेत दिसेल: कोण कुठं बोलतंय, कोण पट्टीबाहेर चाललंय, कुणाचा सिग्नल फार मोठा आहे. नेट कंट्रोलला असा डोळा लागतोच. आणि हँडीबद्दल तुमचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. मी लिनिअरच्या बाजूचा, पण ज्या धाग्यावर नवीन माणसं जास्त आणि ऑल-मोड रिग कमी, तिथं नुसता लिनिअर पाठवणं म्हणजे तिघा-चौघांची मेजवानी.

तुरीचं_शेत
वारा कुठं नेईल ते पण बघा. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून येतो, डबा नळदुर्ग, उमरगा, नाहीतर थेट कलबुर्गीकडं. पावसाळ्यात वरती पूर्वेकडून जोराचा वारा, म्हणजे पुण्याच्या दिशेनं. पुणेकरांच्या गच्चीवर पडला तर परत मिळेल का सांगता येत नाही.

पाहुणा_पुणेकर
मिळेल. १ ते ४ सोडून कधीही या.

कडक_भाकरी
:हहपुवा: हे जमलं.

शंकासुर
मी चेष्टा करत होतो पण आता वाचायला लागलोय. गॅस कुठला? पोरं म्हणतील हायड्रोजन स्वस्त.

बार्शी_लाईन
हेलियम. महाग आहे, आयातीचा आहे, तरी हेलियमच. हायड्रोजन हवामान खात्याची आणि संशोधन संस्थांची सरावलेली माणसं हाताळतात. कॉलेजच्या पोरांचा घोळका, स्थिर विद्युत आणि जवळपास कुणीतरी बिडी ओढत उभा, नको. सव्वा-दीड किलोचा डबा आणि सव्वा किलोचा बलून धरला तर चढायला लागणाऱ्या जादा जोरासकट साडेतीन-चार घनमीटर लागेल. डेकोरेशनवाल्याकडं शुद्धता विचारून घ्या, फुगे तरंगवायच्या गॅसमध्ये कधीकधी हवा मिसळलेली असते.

होटगी_रोड
दोन दिवस पोरांशी बसलो, हा धागा वाचून दाखवला. ठरलं ते सांगतो.

ट्रॅकर राहील, पण त्याची बॅटरी, अँटेना, सगळं वेगळं. ट्रान्सपाँडर मेला तरी डबा सापडला पाहिजे, हा पोरांचा हट्ट आणि तो रास्त आहे. ट्रान्सपाँडर दोन तऱ्हांनी चालेल: चढताना पहिला तासभर एफएम, ४३५ वर आत, १४५ वर बाहेर, कडक नेट कंट्रोलखाली. जिल्हावार हाका मारायच्या, एकेकाला अर्धा मिनिट. मग साधारण वीस किलोमीटरच्या वर, क्षितिज पाचशेच्या पुढं गेलं की लिनिअरवर. रिसीव्हरची पुढची बाजू आणि अँटेना दोन्हीला तीच, फक्त मधला भाग बदलतो. पोरांपैकी एकीनं तो स्विच उंचीवरून आपोआप व्हायचा प्रोग्रॅम लिहायला घेतलाय.

निळा_यागी
उंचीवरून नको! जीपीएस गेला तर जन्मभर एफएमवर अडकेल. साधा टायमर लावा आणि उंची त्याच्या जोडीला. दोन्हींपैकी जे आधी होईल ते. आणि जमिनीवरून स्विच करायला एक डीटीएमएफ (फोनच्या बटणांसारख्या सुरांची) आज्ञा ठेवा, ट्रान्समीटर बंद करायची दुसरी. बंद करायची सोय नसेल तर डब्ल्यूपीसी पहिल्याच वाचनात कागद परत करेल.

होटगी_रोड
नोंद केली. बंद करायची आज्ञा खरंच राहिली होती.

वायएल_सोलापूर
नेट कंट्रोलला वॉटरफॉल बघायला मी बसते. हाका मारायच्या असतील तर त्याही मारते, कन्नड आणि तेलुगू दोन्ही येतं.

जुनी_रिग
झालं, तुमची निवड झाली. मात्र आधी महिनाभर दर रविवारी जमिनीवरच्या रिपीटरवर सराव करा. अर्ध्या मिनिटात कॉलसाइन, गाव आणि सिग्नल रिपोर्ट देऊन बाजूला होणं ऐकायला सोपं वाटतं. अनुभवी लोक दोन मिनिटं तब्येतीची चौकशी करतात, मी पण त्यातलाच.

उमरगा_फाटा
नवीन सदस्य, इतके दिवस नुसता वाचत होतो. हॅम नाही, पण आमची जीप आहे आणि नळदुर्ग ते आळंदचे सगळे गाडीवाट रस्ते पाठ आहेत. डबा खाली आल्यावर सिग्नल चार-दोन किलोमीटरपलीकडं जात नाही असं कुठंतरी वाचलं, म्हणजे कुणीतरी आधीच या बाजूला येऊन थांबलं पाहिजे ना? उसात पडला तर मात्र तोडणीपर्यंत विसरा. तारीख ठरली की व्यनि करा. अँटेनावाला एक माणूस आणि डिझेल तुमचं.